तीव्र दम्यात सीटी स्कॅनवरून पुढचा धोका ओळखता येतो का?

धागाकर्ता:
येतो, आणि तीव्र दम्याच्या प्रत्येक रुग्णाचा किमान एक सीटी हवाच. अमेरिकेतल्या 'सिव्हिअर अस्थमा रिसर्च प्रोग्राम'ने २०१८ मध्ये सोपी मोजणी मांडली. फुप्फुसाचे २० सेग्मेंट, म्हणजे भाग. ज्यात कफाच्या बुचाने श्वासनलिका पूर्ण बंद दिसते, त्याला १ गुण. ४ किंवा जास्त गुणवाल्यांचा एफईव्ही-१ (जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) बराच खाली होता. पुढे तीन वर्षांनी स्कॅन केले तेव्हाही अनेकांची बुचं टिकून होती. यातल्या पुष्कळांना कफाची तक्रारच नसते, म्हणून नुसतं विचारून हे कळत नाही.

पीकफ्लो:
एफईव्ही-१ खाली आहे हे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी, सांगतेच. गेल्या १२ महिन्यांत झटक्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या लागल्या का, रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती, फेनो (उच्छ्वासातलं नायट्रिक ऑक्साइड) किती, यावरून पुढच्या झटक्याचा अंदाज बांधता येतो. सीटी त्यात नेमकी काय भर घालतो? आणि पंप नीट ओढला जातो का, हे न पाहता स्कॅनला पाठवणं मला पटत नाही.

पातळ_स्लाइस:
भर पडते, पण स्कॅन नीट झाला तरच. ५ मिमी जाडीच्या स्लाइसवर (स्कॅनमधल्या कापावर) लहान बुचं हरवतात. १ मिमी किंवा त्याहून पातळ हवी. श्वास पूर्ण भरून रोखलेला हवा. स्लाइसच्या समांतर जाणारं बूच रक्तवाहिनीसारखं दिसतं, म्हणून वर-खाली सरकवून नळीचा माग काढावा लागतो. झटका चालू असताना काढलेल्या स्कॅनवरून कायमचा धोका ठरवू नये.

पीकफ्लो:
इतकं मोजून रिपोर्टात लिहितं कोण? बुचांचा उल्लेखही बहुतेकदा नसतो. तरुण रुग्णाला रेडिएशन द्यायचं, तर त्यावरून उपचार बदलायला हवा.

धागाकर्ता:
बदलू शकतो. टेझेपेलुमॅब या दम्याच्या इंजेक्शनच्या 'कॅस्केड' चाचणीत बुचांचे गुण प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या इंजेक्शनपेक्षा) जास्त उतरले. मात्र त्याने झटके किती टळले, हे दाखवण्यासाठी ती चाचणी आखलेली नव्हती, हे मान्य.

बुरशी_तपासा:
आपल्याकडे एबीपीए, म्हणजे दमेकऱ्यांना ॲस्परजिलस बुरशीच्या ॲलर्जीने होणारा फुप्फुसाचा आजार, विसरू नका. आधी रक्तात ॲस्परजिलस फ्युमिगाटसचं आयजीई (ॲलर्जीची अँटिबॉडी) बघा, ०.३५ किंवा वर आलं तर एकूण आयजीई आणि सीटी. बूच पाठीच्या कण्याजवळच्या स्नायूपेक्षा पांढरं दिसलं, तर आजार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने हे दाखवलंय. अशा रुग्णाच्या गोळ्या बंद केल्यावरही आयजीई मोजत राहावं लागतं. इथे सीटी टाळणं मला चूक वाटतं.

पीकफ्लो:
एबीपीएसाठी मान्य. सरसकट प्रत्येकासाठी अजूनही नाही.