ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत लाईनबॅकर घेणारे मूर्ख असतात का?

सिअ‍ॅटलवाला
न्यूजर्सीकरांनी काल दुसऱ्या धाग्यावर पिंक टाकली: 'पास रशर समोर असताना पहिल्या फेरीत लाईनबॅकर घेणाऱ्या जनरल मॅनेजरला घरी बसवा.' दोन ओळींत उत्तर देणार होतो, जमेना, म्हणून हा धागा. (नवख्यांसाठी: ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या संघांनी कॉलेजची पोरं फेरीफेरीने निवडणं; नंबर जितका लहान तितकी निवड आधी. पास रशर समोरच्या चेंडू फेकणाऱ्यावर धावून जातो, त्याला चेंडूसकट पाडलं की सॅक. लाईनबॅकर मागे उभा राहून बचाव सांभाळतो.)

२०१२ आठवा. आमच्या सीहॉक्सनी १५ नंबरला ब्रूस अर्विन घेतला, पास रशर. ४७ ला बॉबी वॅग्नर, लाईनबॅकर. अर्विन चार वर्षांत गेला, वॅग्नरने सलग दहा वर्षं बचाव खांद्यावर वाहिला. २००८ बघा. जेट्सनी सहाव्या नंबरला पास रशर व्हर्नन घोल्स्टन उचलला. तीन वर्षं, सॅक शून्य! दहाव्या नंबरला पेट्रियट्सना लाईनबॅकर जेरॉड मेयो मिळाला, तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू. दंडाचे स्नायू आणि चाळीस यार्ड धावायचा वेळ बघून स्थळ पसंत केलं की असंच होतं.

न्यूजर्सीकर
अहो, वॅग्नर ४७ ला मिळाला हेच तर मी म्हणतोय! लाईनबॅकर फ्रेड वॉर्नर ७० वा. तुमच्याच सुपर बोलचा (लीगच्या फायनलचा) सामनावीर लाईनबॅकर माल्कम स्मिथ तर सातव्या फेरीतला. मग नवव्या-दहाव्या नंबरला लाईनबॅकर कशाला?

नवीन पोराचा पगार निवडीच्या नंबरावर ठरतो, तो कुठे खेळतो यावर नाही. बाजारात मात्र ग्रीन बेने पास रशर मायका पार्सन्सला वर्षाला ४ कोटी ७० लाख डॉलर मोजले, लाईनबॅकर रोक्वान स्मिथला बॉल्टिमोरने २ कोटी. एकाच भावात हापूस आणि पायरी मिळत असताना पायरी कोण घेतं? २०१९ मध्ये पिट्सबर्गने २० वरून १० वर उडी मारून लाईनबॅकर डेव्हिन बुश घेतला. पास रशर ब्रायन बर्न्स १६ पर्यंत बसून होता.

डॅलसची काकू
पार्सन्सचं नाव काढू नका, आमच्या डॅलसने त्याला ग्रीन बेला देऊन टाकला, जखम ओली आहे. २०२१ मध्ये आम्ही त्याला बाराव्या नंबरला लाईनबॅकर म्हणूनच घेतला होता. पहिल्याच वर्षी १३ सॅक. आता तो तुमच्या पास रशरच्या खात्यात? सोयीचं आहे. (पायरीला नावं ठेवायची नाहीत. आमरस पायरीचाच.)

शार्लटकर
आमचा लाईनबॅकर ल्यूक कीक्ली कसा विसरलात? २०१२, नववा नंबर, दुसऱ्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू. समोरच्याची चाल स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधी ओरडून सांगायचा. २०१६ मध्ये डोक्याला लागलं, मैदानाबाहेर गाडीवरून नेताना ढसाढसा रडत होता. अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त.

माझा मुलगा नववीत, हायस्कूलला लाईनबॅकर. गेल्या वर्षी मॅचनंतर गाडीत बसला आणि 'बाबा, आपण जिंकलो का?' तीनदा विचारलं. दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

न्यूजर्सीकर
आणि तरी पाठवता? टेनिस नाही का? ड्राफ्ट राहू दे, हे आधी सांगा.

शार्लटकर
दर रविवारी सात तास दुसऱ्यांची पोरं आपटताना बघता, चिप्सची पिशवी मांडीवर. त्यांना आईबाप नसतात? चार आठवडे बाहेर बसवला होता. डॉक्टरांनी सोडल्यावरच गेला. उगाच शहाणपण शिकवू नका.

डॅलसची काकू
दोघेही शांत व्हा. पण खरं सांगू, मी माझ्याला नाही जाऊ दिलं. वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. आता कॉलेजात रग्बी खेळतो, हेल्मेटशिवाय.

न्यूजर्सीकर
मुलाबद्दल बोललो ते चुकलं, मागे घेतो. कीक्ली नवव्या नंबरला रास्त होता, तेही लिहून घ्या. दर बारा वर्षांनी एक कीक्ली येतो. सिंहस्थासारखा.

शार्लटकर
लिहून घेतलं. तुम्हाला आनंद होईल अशी बातमी: यंदा कोचने पोराला लाईनबॅकरवरून काढून पास रशर केलाय.

सिअ‍ॅटलवाला
ते सगळं ठीक. घोल्स्टनबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.