तांबेरा येण्याआधीच वाण निवडायचं?

फोंड्याचा मास्तर
काल वाचनालयातल्या गप्पांत एक निवृत्त शेतकी अधिकारी ठासून म्हणाले, "तांबेऱ्याला दाद न देणारा गहू शेतातच निवडावा, प्रयोगशाळेत नव्हे." मला हे अजिबात पटलं नाही. (तांबेरा म्हणजे गव्हावर बुरशीमुळे येणारा रोग.) आपल्याकडे गोव्यात गहू पिकत नसला तरी पोदेराची पोई (पाववाल्याचा पाव) गव्हाचीच, म्हणून इथे लिहितोय.

एका वाणात रोग रोखणारी दोन जनुकं आणली, तर शेतात ती वेगवेगळी दिसत नाहीत. जोरकस जनुक रोग थोपवतं, दुसरं त्याच्या आड राहतं. एसआर 2 हे खोडावरच्या तांबेऱ्याविरुद्धचं जनुक तर रोप मोठं झाल्यावरच काम करतं, तेही अर्धवट. मार्कर म्हणजे त्या जनुकालगतची डीएनएची खूण. कोवळ्या पानाचा तुकडा तपासला की दोन्ही आहेत का ते कळतं. आणि हे जीएम, म्हणजे बाहेरून जनुक घुसवलेलं पीक, नव्हे. संकर नेहमीचाच, फक्त निवड खुणेवरून.

डिचोलीवाला
मास्तर, खूण म्हणजे जनुक नव्हे. संकरात कधी कधी दोघांची ताटातूट होते. खूण उरते, जनुक गळतं. आणि जनुक आलं तरी काय? राय धान्यातून आलेलं एसआर 31 हे जनुक जगभर पेरलं, 1998 मध्ये युगांडात यूजी 99 या तांबेऱ्याच्या नव्या प्रकाराने ते मोडलं. 2006 मध्ये केनियात एसआर 24 सुद्धा गेलं. आमच्या खाजनातला (खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला) कोरगुट भात खाऱ्या पाण्यात तग धरतो, तो शेतकऱ्यांनी डोळ्यांनीच निवडला ना?

वाळवंटीकाठ
डिचोलीबाब, खारं पाणी दरवर्षी रूप बदलत नाही, बुरशी बदलते. कोरगुटाची तुलना इथे लागू पडत नाही. आणि एसआर 31 पडलं ते लाखो एकरांवर त्या एकट्यावरच भिस्त होती म्हणून. दोन-तीन जनुकं एकत्र असली तर बुरशीला सगळ्यांवर एकाच वेळी मात करावी लागते. अशी जुळणी नुसत्या डोळ्यांनी कशी कराल? पानावरच्या तांबेऱ्याविरुद्धचं एलआर 34 सारखं अर्धवट पण टिकाऊ जनुक तर शेतात सहज निसटू शकतं.

डिचोलीवाला
जुळणीचं मान्य. पण महाबळेश्वरला किंवा निलगिरीत वेलिंग्टनला, जिथे तांबेरा खरोखर लागतो, तिथे रोगात उभं केल्याशिवाय कुठलंही वाण शेतकऱ्याच्या हाती देऊ नये.

फोंड्याचा मास्तर
ते मीही मागतोच. माझं म्हणणं एवढंच, की तिथे हजार रोपं नेण्याऐवजी खुणेवरून निवडलेली पन्नास न्या.

डिचोलीवाला
आणि त्या पन्नासांत नसलेलं, अजून कुणाला ठाऊकच नसलेलं जनुक? ज्याची खूण सापडलेली नाही, ते तुम्ही पहिल्याच चाळणीत फेकलंत. मला भीती त्याची आहे.