मुकादम हा शब्द गिरण्यांच्या आधीचा

मुकादम म्हणजे मजुरांवर खेकसणारा माणूस आणि हा शब्द गिरण्यांच्या काळात आला, असं काही जण म्हणतात. खेकसण्याबद्दल वाद नाही, पण शब्द गिरण्यांपेक्षा फार जुना आहे. मूळ अरबी 'मुकद्दम', म्हणजे पुढे केलेला, अग्रणी. दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत मोकदम म्हणजे गावचा पाटीलच, आणि पाटीलकीला मोकदमी. मानाचं पद होतं ते!

आमच्या बीडकडे आता मुकादम म्हटलं की ऊसतोडीचाच. दसऱ्याच्या आधी तो उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो, तीही कोयत्यामागे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मग हंगामभर त्याची वही चालते. पोटात दुखतंय म्हणून बाई एक दिवस कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, थांबली तरी खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीवर चढतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या पानावर. त्याचा दरारा आवाजापेक्षा या वहीचाच जास्त. शिव्या काय, त्या कुणीही देतं.

पण याला दुसरी बाजूही आहे. मुकादमानेही कारखान्याच्या नाहीतर वाहतूकदाराच्या कागदावर सही केलेली असते. टनामागे कमिशन मिळतं खरं, पण मजुरांची टोळी मध्येच पळाली तर वसुली त्याच्याकडून होते. आमच्या भावकीतल्या एकाने अशी पळालेली टोळी निस्तरायला दोन एकर रान विकलं आणि पुढच्या साली स्वतःच कोयता घेऊन गेला.