पणजोबांचं वेब्ली रिव्हॉल्वर : ओळख, किंमत आणि एक शंका (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा, अण्णा, फेब्रुवारीत गेले. त्यांच्या परवान्यावरचं पणजोबांचं रिव्हॉल्वर आम्ही तेराव्यानंतर लगेच परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं. पावती आहे, त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

जमा करताना विक्रेत्याच्या समोरच फोटो काढले. अंगावर 'वेब्ली', 'मार्क ६', 'पेटंट्स' आणि '१९१७' असं कोरलंय. नळी सहा इंची, मूठ बुडाशी चौकोनी, खाली दोरी अडकवायची कडी. परवान्याच्या वहीत बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, ४५५ लिहिलाय. खटका दाबला की मधोमध वाकून उघडतं आणि सहाही घरं एकदम दिसतात. मुठीच्या काळ्या जाळीदार नक्षीत कुंकू घट्ट बसलंय. दर खंडेनवमीला अण्णा ते पाटावर ठेवायचे. आम्हा पोरांना हात लावायची परवानगी नव्हती, पण झेंडूचं फूल वाहायला मला पुढे बोलवायचे.

घरात सांगतात ते असं, की पणजोबा ११० मराठा पलटणीत सुभेदार होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होते आणि हे तिथूनच कमरेला लावून आणलं. पण कूटची फौज २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांना शरण गेली. जाण्याआधी त्यांनी हत्यारं मोडून टाकली होती. पणजोबा कैदेतून घरी आले ते थेट १९१९ मध्ये. मग १९१७ चं रिव्हॉल्वर त्यांच्याकडे आलं कुठून? मी हे घरात बोलून दाखवलं तर धाकटे काका म्हणाले, "सरकारी माल उचलून आणला असणार, फार उकरू नकोस." ते फार लागलं मला. पणजोबांबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

नळीच्या मुळाशी एक बारीक खूण आहे. दोन बाण, टोकाला टोक लावून समोरासमोर. ती कसली?

आणि दुसरं म्हणजे किंमत. काकांना वाटणीसाठी आकडा हवाय. इंग्लंडमधला चुलतभाऊ तिकडच्या लिलावांचे भाव पाठवतो. मला ते बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राला द्यावंसं वाटतं. पण आधी ते आमच्याकडे कसं आलं हे कळायला हवं.

उत्तर :

ताई, आधी बाणांचं सांगतो. एकच बाण असेल तर माल ब्रिटिश सरकारचा. तसे दोन बाण टोकाला टोक लावून मारले असतील, तर सरकारने ते हत्यार सेवेतून काढून रीतसर विकलं, असा अर्थ होतो. उचलून आणलेल्या हत्यारावर ही खूण कोण मारणार? पणजोबांनी ते लढाईनंतर विकत घेतलं असण्याचीच शक्यता जास्त. त्यांच्या नावाची पहिली परवान्याची वही शोधा.

बाकी तुमची ओळख बरोबर आहे. मार्क ६, म्हणजे वेब्लीचा सहावा नमुना, हा १९१५ पासूनचा, आणि चौकोनी मूठ ही त्याची खूण. आधीच्या मार्कांची मूठ गोलसर असायची. आता चौकट, नळी आणि सिलिंडर यांवरचे नंबर एकच आहेत का, ते विक्रेत्याकडून बघून घ्या. जुळले तर मोल वाढतं. आणि कुणालाही ते घासूनपुसून चकचकीत करू देऊ नका.

लिलावाचे आकडे मात्र सोडून द्या. ४५५ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते कुणाला घेता येत नाही, म्हणजे ३२ बोअरसारखं गिऱ्हाईक मिळणार नाही. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. 'जुनं झालं म्हणजे परवाना नको' असं कुणी सांगेल, तेही ऐकू नका. दुरुस्त करूनही उडणार नाही, अशाच जुन्या हत्याराला ती सूट आहे. तुमचं चालू स्थितीत दिसतंय, आणि ती सूट मिळावी म्हणून त्याची नळी कापायला माझं तरी मन धजणार नाही. बेळगावला आधी पत्र पाठवा, सोबत पलटणीचं नाव आणि फोटो जोडा.

धागाकर्ती :

मनापासून आभार. बाणांचा फोटो आणि तुमचं उत्तर काकांना पाठवलं. तासभर काहीच आलं नाही. मग एवढंच आलं : "आजोबांची जुनी वही माझ्या ट्रंकेत आहे. रविवारी ये."