चौकशी आणि तपास : पोलीस ठाण्यात कोणता शब्द कधी?

देवगडहून :
होडीचं इंजिन दुरुस्तीला दिलं होतं, मिस्त्रीने ते परस्पर विकलं. ठाण्यात गेलो की एकच उत्तर, 'चौकशी चालू आसा.' चौकशी म्हणजे तपासच ना?

मालवणहून :
नाही. बोलताना आपण दोन्ही शब्द सैल वापरतो. स्थळाची चौकशी करतो, चुकलेल्या गुराचा तपास करतो. कायद्यात तसं चालत नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता घ्या. तिच्या व्याख्येप्रमाणे पुरावे गोळा करायचं पोलिसांचं काम तो तपास. खटला वगळता दंडाधिकारी किंवा न्यायालय जी करतं ती चौकशी. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडला, म्हणजे गुन्हा नोंदला गेला, की 'तपासी अंमलदार' नेमला जातो. 'चौकशी' म्हणतायत त्याअर्थी तुमचा गु.र.नं. बहुधा पडलेलाच नाही.

रत्नागिरीहून :
व्याख्या बरोबर, पण तेवढ्याने भागत नाही. बुडालेल्या माणसाचं प्रेत किनाऱ्याला लागलं की पोलीस अकस्मात मृत्यू नोंदवतात आणि पुढे करतात ती चौकशीच. आता याच सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने आणखी एक चौकशी पोलिसांच्या हाती दिलीय. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली होती. आधी चौकशीची मुभा कौटुंबिक वाद, व्यापारी व्यवहार अशा मोजक्या प्रकरणांत. आता ती शिक्षेच्या मापाने मिळते. टाळाटाळ करणाऱ्याला हा शब्द आयताच सापडला, असं माझं मत.

तुमचं प्रकरण विश्वासघाताचं. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(२), शिक्षा पाच वर्षांपर्यंत (दंड संहितेच्या जुन्या ४०६ ला तीनच होती). म्हणजे चौदा दिवसांच्या चौकशीत बसतं. पण मिस्त्रीने पहिल्यापासून फसवायच्या इराद्यानेच इंजिन नेलं असेल तर ३१८(४), सात वर्षांपर्यंत. तिथे ही चौकशी लागूच नाही. (हेच जुनं ४२०. 'चारसोवीस' सोडून 'तीनशे अठरा' कोण म्हणणार!)

देवगडहून :
मगे इचारू काय?

मालवणहून :
चौकशी कोणत्या कलमाखाली, उपअधीक्षकांची परवानगी कोणत्या तारखेची, एवढंच. चौदा दिवस उलटले असतील तर गु.र.नं. मागा. नोंद झाली असेल तर एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंदच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, टपालानेही चालतं. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आणि अर्जात सवयीने 'योग्य ती चौकशी व्हावी' लिहू नका. 'गुन्हा दाखल करून तपास व्हावा' असं लिहा.