ड्यूक, नाखूश नवरी आणि वर्तमानपत्राचं कव्हर

माळ्यावरचीमांजर
काल माळा आवरताना वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक सापडलं. वर माझ्याच अक्षरात 'अप्लाइड मेकॅनिक्स'. आत ड्यूक, म्हणजे जुन्या काळच्या एका बड्या इंग्रज सरदाराची इंग्रजी प्रेमकादंबरी! 1996, पुण्याचं हॉस्टेल. लायब्ररीचं भाडं दिवसाला 2 रुपये, चौघीत वर्गणी. एका रात्रीत सगळ्यांचं व्हावं म्हणून आम्ही पुस्तक फाडून चार भाग केले. डिपॉझिट बुडालं, पुस्तक आमचं झालं. माझ्या वाट्याला शेवटचा भाग आला, त्यामुळे लग्न मुळात का झालं ते मला रविवारी कळलं. गोष्ट तीच हो. ड्यूक बदफैली, पोरगी त्याला हिंग लावून विचारत नाही, बागेत दोघं एकटे सापडतात, अब्रूसाठी लग्न. मग वादळ, ओला सदरा आणि सराईत एकच खोली शिल्लक. तुमचेही ड्यूक बाहेर काढा.

खारीबिस्किट
आमच्या लायब्ररीतलं पुस्तक टेबलावर ठेवलं की आपोआप 'त्या' पानावर उघडायचं, इतके हात लागलेले. एकदा आईने उचललं. बरोब्बर तिथेच उघडलं. तिने अर्धं पान वाचलं आणि म्हणाली, "दर वेळी शर्टाची बटणं तोडतो मेला, शिवून कोण देतं?" कुकर झाला, येते.

वरणफळ
बटणं!! 😂
मी मराठी मीडियमची. बदफैली पुरुषाला इंग्रजीत 'रेक' म्हणतात हे कुठे माहीत! डिक्शनरीत 'रेक' म्हणजे दाताळं. अख्खी कादंबरी मी 'लंडनमधलं सर्वात देखणं दाताळं' असंच वाचत होते.

सातारीकंदी
आम्ही कार्लाइलहून ग्लासगोला जाताना ग्रेटना ग्रीनला थांबलो होतो, पळून आलेली जोडपी जिथे लग्न करायची ते. जिच्यापाशी लग्नं लागायची ती लोहाराची ऐरण दाखवतात. 1753 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये एकविशीच्या आतल्यांना बापाची परवानगी लागायची, स्कॉटलंडमध्ये नाही. म्हणून हद्द ओलांडून पहिल्याच गावात दोन साक्षीदार उभे केले की काम झालं. 1856 ला 21 दिवस राहण्याची अट आली आणि मजा गेली. आमच्या रजिस्टर लग्नाला 30 दिवसांची नोटीस, त्यात सासरे रोज फोन करणार. ऐरण परवडली.

निवडुंग
मला आता वाचवत नाही. 'नको नको' म्हणजे 'हो' हे आम्ही सोळाव्या वर्षी यातूनच शिकलो. आणि त्या नवरीच्या नाखुशीला कारण होतं की. लग्न झालं की तिची रोकड, दागिने नवऱ्याचे, 1882 च्या कायद्यापर्यंत. 1857 च्या आधी पूर्ण घटस्फोटासाठी पार्लमेंटमध्ये खास कायदा करून घ्यावा लागे. आपल्या रखमाबाई आठवा. अकराव्या वर्षी लग्न, मोठेपणी नांदायला नकार, म्हणून नवऱ्याने दावा लावला. 1887 ला मुंबई हायकोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर 6 महिने तुरुंग. बायकोला नांदायला लावायचा हा दावाच मुळी इंग्लंडहून आलेला, आणि तिथे तुरुंगाची शिक्षा 1884 लाच काढून टाकली होती! शेवटी नवऱ्याला 2000 रुपये देऊन मिटवलं, बाई डॉक्टर झाल्या. यात ओला सदरा कुठे नाही.

माळ्यावरचीमांजर
निवडुंग, पटलं गं. तरी सराईचं प्रकरण काल परत वाचलंच. दोनदा.

पेन्सिलकाका
बायकोच्या कपाटातले मीही वाचलेत, कबूल. राजघराणं सोडून या कादंबऱ्यांच्या काळात खरे ड्यूक असतील जेमतेम तीस. तिच्या एका कपाटात त्याहून जास्त, सगळे तिशीतले आणि सगळ्यांचे दात शाबूत. खरा ड्यूक म्हणजे डेव्हनशरचा पाचवा. 1774 ला जॉर्जियानाशी लग्न, ती सतराची. पुढे तिचीच मैत्रीण त्याच घरात राहायला आली आणि ड्यूकला तिच्यापासून मुलंही झाली. जॉर्जियाना 1806 ला गेली, 1809 ला त्याने मैत्रिणीशी लग्न लावलं. पंखा बघायचा आणि पत्ते कुटायचे, एवढाच त्याचा रोमान्स.

खारीबिस्किट
आले. काका, पंखा?

पेन्सिलकाका
पंखा नाही, कुत्रा. ऑटोकरेक्ट.

वरणफळ
मांजरे, पुस्तकाला कसर लागली असेल तर आधी उन्हात ठेव. मग वेखंडाची पूड.

माळ्यावरचीमांजर
ठेवलंय गॅलरीत. कव्हर काढलं नाही, शेजारच्या आजी येतात वाळवण राखायला.

सातारीकंदी
कसलं वाळवण? दिवाळीत?

माळ्यावरचीमांजर
चकलीची भाजणी करायचीये, धुतलेल्या डाळी. ड्यूकच्या शेजारीच पसरल्यात.