फोल्डिंग सायकलला मोटर बसवायची आहे, बजेट १५ हजार. भाट्याचा चढ चढेल का?

सड्यावरून
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २० इंची चाकांची फोल्डिंग सायकल आहे, आतेभाऊ मुंबई सोडून गेला तेव्हा त्याने दिलेली. फ्रेम स्टीलची, मागे ६ गिअर, व्ही-ब्रेक. रोज गोळपहून रत्नागिरीत दुकानावर जातो. सकाळी प्रश्नच नाही, भाट्यापर्यंत सुसाट, पण संध्याकाळी पूल ओलांडून सड्याला (वरच्या पठाराच्या चढाला) लागलो की गाडी हातात धरून चालायची वेळ येते. स्कूटर आहे घरी पण ती बायकोला शाळेत जायला लागते. फोल्डिंगच का, तर दुकानात काउंटरखाली मावते आणि पाऊस कोसळायला लागला की वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) टाकून येता येतं.

बॅटरी धरून १५ हजारांत बसवायचंय. मोटर पुढे की मागे? २५० वॅट पुरेल की ३५० घेऊ? इन्व्हर्टरवाला म्हणतो १२ व्होल्टच्या तीन लेड अ‍ॅसिड लाव, स्वस्तात काम होईल. आणि उतारावर बॅटरी चार्ज होते म्हणतात ते खरं का?

मिऱ्याचा
वॅटच्या मागे लागू नका. हिशोब करा ना, तुम्ही अधिक सायकल अधिक बॅटरी मिळून ९५ किलो धरू, ७ टक्क्यांचा चढ ताशी १० ने चढायचा तर घर्षण धरून २०० वॅटच्या आसपास लागतात. त्यातले ७०-८० तुमचे पाय देतात, निवांत पेडल मारूनसुद्धा. मग २५० ची मोटर पुरते की. शिवाय २५० वॅटपर्यंत आणि ताशी २५ च्या आत असलेली, बॅटरीशिवाय ६० किलोपर्यंत वजनाची सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे पासिंग नाही लायसन नाही. ३५० घेतलीत की ते गेलं.

खरी गोष्ट मोटरच्या फेऱ्यांची आहे. बाजारात जी किट मिळतात ती बहुतेक २६ इंची चाकासाठी. तीच मोटर २० इंची चाकात बांधली की वेग २५ चा १९ वर येतो, पण ओढ तीसेक टक्क्यांनी वाढते. मुंबईकर याला तोटा म्हणेल, आपल्याला तर हेच पाहिजे. दुकानदार 'छोट्या चाकासाठी जास्त फेऱ्यांची देतो' म्हणाला तर नको म्हणा.

मोटर गिअरवाली घ्या, हब (चाकाचा मधला गड्डा) लहान असतो ती. आतमध्ये क्लच असतो त्यामुळे उतारावर मोटर फिरतच नाही, सायकल मोकळी पळते. म्हणजे चार्जिंगचं विसरा. गिअर नसलेल्या जड मोटरमध्ये जमतं ते, पण मिळतं ते चिमूटभर आणि वजन वाहायचं दोन्ही वेळेला.

तारकर्लीकार
माका विचारशात तर पुढच्या चाकात मोटर घालू नकात. चढाक सगळा वजन मागे जाता, पुढचा चाक हलका पडता आणि पावसात जांभ्याच्या शेवाळावर थयच्या थय गरगरता. बाकी मिऱ्याच्या भावांनी सांगल्यानी ता बरोबर.

मिऱ्याचा
मान्य, पण मागे बसवायला खर्च वाढतो. फ्रीव्हील काढून मोटरवर चढवायचा, मागच्या पात्यांमधलं (एक्सल बसतो त्या दोन टोकांमधलं) अंतर जुळलं पाहिजे (मोटरला साधारण १३५ मिमी लागतं), पंक्चर काढताना वायरचा व्याप वेगळाच. फोर्क (पुढचा चिमटा) स्टीलचा असेल तर पुढे चालेल, चढावर जरा पुढे वाकून चालवायचं. मात्र आधी पुढच्या पात्यांमधलं अंतर मोजा. १०० मिमी असेल तर ठीक, काही फोल्डिंगना ७४ च असतं आणि मग साधी मोटर त्यात शिरतच नाही, कानशीने घासून बसवणारे भेटतील त्यांच्या नादाला लागू नका. पुढे असो मागे असो, टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) हवाच. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते तेवढ्याच जोराने एक्सल उलटा फिरायला बघतो. नट ढिला झाला आणि एक्सल फिरला की वायर पिळवटून तुटते, आणि पुढचं चाक असेल तर उतारावर सुटून येऊ शकतं. लोखंडी पट्टीचा तुकडा असतो हो, त्यात काटकसर कसली.

सड्यावरून
फोर्क मोजला, १०० आहे, लोहचुंबक चिकटतो म्हणजे स्टीलच. बॅटरीचं कोणी सांगेल का? लेड अ‍ॅसिड निम्म्याहून कमी पैशांत पडतेय.

टेस्टर हातात
मी याच धंद्यातला, स्पष्ट सांगते. १२ व्होल्ट ७ अ‍ॅम्पिअर-अवरच्या तीन म्हणजे कागदावर २५० वॅट-अवर. पण तो आकडा २० तासांत हळूहळू काढली तर. चढावर ७-८ अ‍ॅम्पिअर ओढलेत की जेमतेम अर्धी मिळते, वर सहा-सात किलो ओझं. रोज पूर्ण उतरवलीत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही. आज स्वस्त, उद्या परत खर्च.

तुम्हाला लागतं किती ते बघा. सपाटीला पेडल मारत किलोमीटरला १० ते १२ वॅट-अवर. १०० मीटर उंची चढायला ९५ किलोसाठी निव्वळ २६, मोटरमधली गळती धरून ४० च्या घरात. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटरला २८०-३०० झाले. म्हणजे ३६ व्होल्ट १० अ‍ॅम्पिअर-अवर, ३६० वॅट-अवर. बजेट नसेल तर साडेसातची घ्या आणि दुकानात चार्जर ठेवा, दिवसभर सायकल काउंटरखालीच असते ना तुमची. मी तर हेच सुचवेन.

लिथियम आयन घ्या किंवा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट). एलएफपी थोडी जड पण उन्हाला सोशिक, जास्त वर्षं जाते. फक्त चार्जरची अदलाबदल करू नका, आयनचा १० सेलचा पॅक ४२ व्होल्टला भरतो, एलएफपीचा १२ सेलचा ४३.८ ला. पिन सारखी असते म्हणून लोक लावतात. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून देणारेही आहेत, घरात मुलं असतील तर दारातसुद्धा उभे करू नका त्यांना. भिजलेली बॅटरी लगेच चार्जिंगला नको आणि सगळे झोपल्यावर तर नकोच.

हर्णैवाला
सगळे मोटर-बॅटरीवर बोलतायत, ब्रेकचं कोणीच बोलत नाही! मी असतो तर ही विकून साधी मोठ्या चाकाची घेतली असती. भाट्याच्या उतारावर ७ किलो जास्तीचे, पावसात ओल्या रिमवर लाल माती, व्ही-ब्रेकचे रबर खडूसारखे झिजतात. बसवायचीच असेल तर आधी चांगले ब्रेक रबर आणि नवीन केबल घाला. आणि हो, फोल्डिंगच्या बिजागरीतून वायर नेताना हात-दीड हात झोल ठेवा आणि घडी घालून बघा, नाहीतर पहिल्याच घडीला चिमटून कापते. बॅटरी सीटच्या दांड्याला बांधली तर सीट खाली जात नाही, मग कसली फोल्डिंग. हँडलच्या दांड्याला पिशवी लावा, पुढच्या मोटरवर वजनही येईल.

टेस्टर हातात
ब्रेकचं शंभर टक्के. शिवाय खारा वारा. भाट्याला तर लाटांचे तुषार रस्त्यापर्यंत येतात. प्रत्येक कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा, खोबरेल नको (हसू नका, लावतात लोक). मोटरची वायर एक्सलमध्ये शिरायच्या आधी खाली वाकवा म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही. कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) वायरी खाली येतील असा बांधा. धुताना ओल्या फडक्याने पुसा, सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशरवाला पाइप मारू नका.

सड्यावरून
ताई, मिऱ्याचे दादा, सगळ्यांचे आभार. ठरलं मग, पुढचं चाक, २५० वॅट, साडेसातची लिथियम, दुकानात चार्जिंग. विकायचं म्हणाल तर वडापवाला मोठी सायकल टपावर टाकायचे वेगळे पैसे घेतो, ते परवडत नाही. किट साडेसात हजार आणि बॅटरी आठ हजार सांगतायत, पाचशे वर जातायत, ब्रेक रबर वेगळे. आता एकच, मोटरला स्पोकची ३६ भोकं आहेत आणि माझ्या रिमला २८.

मिऱ्याचा
३६ भोकांची २० इंची रिम लहान मुलांच्या साध्या सायकलींना येते, जुन्या सायकल दुकानात विचारा, मिळून जाईल. स्पोक आखूड लागतील, हब मोठा असल्यामुळे. मोटर सोबत घेऊन जा, मोजूनच कापून आटे पाडून घ्या आणि आउट काढून (चाक सरळ करून) घ्या. आठवड्याने परत एकदा ताण बघायला सांगा, नवीन बांधलेलं चाक पहिल्या दिवसांत ढिलं पडतंच.